रेंजरला ट्रॅक बसवले: किट कसा आहे, आणि बसवून घेताना काय बघायचं

ज्याच्या घरापर्यंत स्नोप्लाव, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, येत नाही आणि ज्याला तरीही हिवाळाभर ये-जा करायचीच आहे, किराणा न्यायचाय, प्रोपेनचे सिलेंडर न्यायचेत, घरातली म्हातारी माणसं डॉक्टरकडे न्यायचीयेत, त्याने यूटीव्हीला, म्हणजे शेजारी-शेजारी बसायच्या आडवाटेवरच्या छोट्या चारचाकीला (आमची रेंजर तशीच), ट्रॅक म्हणजे चाकांऐवजी रबरी पट्टे बसवून घ्यावेत, पैसे वसूल होतात. शहरात राहणाऱ्यांना चांगले विंटर टायर पुरतात, त्यांनी ह्या भानगडीत पडूच नये. ग्रुपवर दर ऑक्टोबरात कोणीतरी विचारतंच की कुठला ब्रँड घेऊ, आणि सगळे ब्रँडवरच भांडत बसतात. माझं मत असं झालंय की ब्रँडचा नंबर दुसरा, बसवतो कोण आणि कसं हा पहिला. म्हणून हा रिव्ह्यू निम्मा किटचा आणि निम्मा बसवण्याच्या कामाचा आहे.

आधी आमची गरज सांगतो म्हणजे तुमच्या गरजेशी ताडून बघता येईल. आम्ही मिनेसोटात लेक सुपिरियरच्या काठाने, सिल्व्हर बेच्या वरच्या अंगाला, फिनलंड नावाच्या गावाच्या बाजूला राहतो. काउंटीचा प्लाव मोठ्या रस्त्यापर्यंत येतो आणि तिथून आमचा खाजगी रस्ता जंगलातून चढत किलोमीटरभर आत जातो. तलावावरून येणारी ओलसर हवा इथे टेकडीवर चढते आणि सगळा बर्फ आमच्या डोक्यावर रिकामा करते, खाली काठावर पाऊस असतो तेव्हा वर गुडघाभर पडलेला असतो. २०२२-२३ चा हिवाळा ज्यांनी बघितला त्यांना जास्त सांगायला नको, डुलुथला त्या मोसमात १४०.१ इंच पडला, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर, आणि १९९५-९६ चा १३५.४ इंचांचा रेकॉर्ड मोडला. हे डुलुथ शहराचं झालं, आमच्याकडे काय असेल बघा. डिसेंबरातल्या त्या मोठ्या वादळात तर ओला जड बर्फ पडला होता, झाडं वाकून तारांवर आली, लाईट गेले आणि आमच्या रस्त्यावर आडव्या फांद्या आणि त्यावर बर्फ अशी भिंतच झाली.

तोपर्यंत आम्ही पोलॅरिस रेंजरला पुढे ब्लेड लावून रस्ता साफ करायचो. ब्लेडचं असं असतं की पहिल्या दोन महिन्यांत बर्फ कडेला ढकलता येतो, नंतर कडेचे ढीगच इतके उंच होतात की ढकलायला जागा उरत नाही, रस्ता दर आठवड्याला वीतभर अरुंद होत जातो आणि फेब्रुवारीत गाडीचं पोट मधल्या बर्फावर टेकून अडकतं. टायरला चेन लावून बघितल्या. चेन घट्ट दाबलेल्या बर्फावर आणि बर्फाळलेल्या रस्त्यावर उत्तम काम करतात पण खोल भुसभुशीत बर्फात चाक फिरलं की चेन उलट खड्डा पटापट खणते. खोल बर्फात पकड नंतर बघायची, आधी गाडी वर राहिली पाहिजे.

स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरची स्कूटर, का नाही असं बरेच जण म्हणतात. स्नोमोबिल भारी गोष्ट आहे, पण उणे २५ मध्ये सत्तरीच्या बाईला मागे बसवून दवाखान्यात नेणं बरोबर नाही, आणि सामानाला मागे स्लेज ओढावी लागते. रेंजरला बंद केबिन आहे, हीटर आहे, मागे डंप बेड आहे. पिकअपलाच ट्रॅक बसवायचे हाही पर्याय आहे आणि त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव मॅटट्रॅक्स आमच्याच राज्यातलं, वायव्य कोपऱ्यातल्या कार्लस्टॅड गावचं. १९९० च्या दशकात ग्लेन ब्रेझियर यांच्या मुलाने ट्रकला चाकांऐवजी पट्टे लावलेलं चित्र काढलं आणि बापाने ते खरंच बनवून दाखवलं, त्यातून कंपनी उभी राहिली. त्याच भागात रोझो गावात १९५४ साली पोलॅरिस सुरू झाली आणि थीफ रिव्हर फॉल्सला आर्क्टिक कॅट, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांचं एक प्रकारे माहेरच आहे ते. पिकअपचे ट्रॅक जबरदस्त असतात, वीज कंपन्या आणि रेस्क्यूवाले वापरतात, पण किंमत यूटीव्हीच्या किटच्या कितीतरी पट, आणि पिकअप मग हिवाळाभर हायवेवर नेता येत नाही. आम्हाला पिकअप खाली मोठ्या रस्त्याला उभी करून वरच्या टप्प्यापुरतंच वाहन हवं होतं, म्हणून यूटीव्ही.

आम्ही घेतला तो कॅमसोचा चारही ऋतूंत चालणारा यूटीव्ही किट. ह्या कंपनीच्या नावामागे एक गोष्ट आहे ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. क्युबेकमधल्या व्हालकूर गावात जोसेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा मेकॅनिक होता, १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही आणि मुलगा गेला. हा माणूस आधीपासूनच बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे होता, त्यानंतर त्याने दात्यांच्या चाकावर फिरणारा रबरी पट्टा पुरता बसवला, १९३७ मध्ये पेटंट मिळालं, सात माणसं बसतील अशी बी-७ गाडी आली आणि क्युबेकच्या खेड्यांत डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं सगळं त्यातून फिरायला लागलं. पुढे १९५९ ला स्की-डू आली ती त्याचीच. बोंबार्डिएच्या रबराच्या धंद्यातून १९८२ मध्ये कॅमोप्लास्ट वेगळी झाली, तीच २०१५ ला कॅमसो झाली, २०१८ मध्ये मिशेलिनने घेतली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या सिएटने मिशेलिनकडून कॅमसोचा बांधकामाच्या छोट्या मशीनच्या टायरचा आणि ट्रॅकचा धंदा, ब्रँडच्या मालकीसकट, २२.५ कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. बर्फाचे किट त्या सौद्यातल्या बांधकामाच्या मालात मोडत नाहीत, तरी व्हालकूरच्या गॅरेजपासून निघालेला धागा सिएटच्या वरळीला येऊन पोचला हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

आता किट म्हणजे असतं काय. चाक काढायचं आणि त्याच्याच हबवर, म्हणजे चाक ज्या फिरत्या भागावर बसतं त्यावर, त्याच बोल्टवर, एक दात्यांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट बसवायचं. त्या स्प्रॉकेटखाली त्रिकोणी फ्रेम, फ्रेमला पुढे-मागे एकेक मोठं आणि मधे ओळीने छोटी चाकं, आणि ह्या सगळ्याभोवती रबरी पट्टा. इंजिन हब फिरवतं, स्प्रॉकेटचे दात पट्ट्याच्या आतल्या उंचवट्यांत अडकून तो ओढतात, सायकलची चेन फिरते तसं. फ्रेम हबभोवती बेअरिंगवर मोकळी असते, म्हणजे तिला अडवलं नाही तर ती स्वतःच गरगर फिरेल, म्हणून गाडीच्या सस्पेन्शनपासून फ्रेमपर्यंत एक दांडा येतो, त्याला अँटी-रोटेशन आर्म म्हणतात. दिसायला फालतू दांडा, रबरी बुश आणि दोन नट, पण ह्याच्यावर सगळं अवलंबून असतं, त्याच्याकडे पुढे येतो.

फायदा होतो कशाने ते हिशोबाने सांगतो. आमची रेंजर, किटचं वाढलेलं वजन, दोन माणसं मिळून साधारण १००० किलो धरा. एका पट्ट्याची रुंदी ३० सेंटीमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी सरासरी ८० धरली तर चारांचे मिळून ९६०० चौरस सेंटीमीटर होतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १०० ग्रॅमचा दाब. आता ७० किलोचा माणूस बूट घालून चालताना एका पायावर येतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली ह्याच्या अडीचपटीच्या वर दाब असतो. हे आकड्यात वाचायला एक आणि प्रत्यक्ष बघायला एक, ताज्या बर्फात गाडी थांबवून दार उघडून खाली पाय टाकला की मांडीपर्यंत आत जातो आणि शेजारी ट्रॅकचा छाप बघावा तर वीतभर खोल, आडव्या रेघा एकदम स्वच्छ उमटलेल्या. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना आधी हेच सांगितलं की गाडी चालतीये म्हणून उतरायला जाऊ नका, घराच्या पायरीला गाडी लागेपर्यंत आतच बसा.

आता बसवण्याची गोष्ट. किट घेतला एका मोठ्या डीलरकडून, नाव लिहीत नाही, शोरूम चकाचक, आणि बसवण्याचे पैसेही त्यांनीच घेतले. दुपारपर्यंत गाडी तयार म्हणून फोन आला. घरी आणली आणि पहिल्या दिवसापासून स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागली, हात भरून यायचे, आणि खोल बर्फात पुढचे ट्रॅक वर चढायच्या ऐवजी नाक खाली घालून आत घुसायचे. वळताना खालून कुरकुर आवाज. मग एक दिवस अंगणात गाडी उभी होती तिथे पांढऱ्या बर्फावर काळी बारीक भुकटी पडलेली दिसली, हातात घेतली तर रबर, पट्ट्याच्या आतल्या उंचवट्यांच्या कडा घासून खाली पडलेलं. डीलरला फोन केला तर म्हणे नवीन आहे, थोडी चालली की सेट होईल. परत केला तर म्हणे पुढच्या महिन्यात आणा. हजारो डॉलरची वस्तू डोळ्यांदेखत झिजत असताना पुढचा महिना कसला.

शेवटी ओळखीतून एक म्हातारे मेकॅनिक मिळाले, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात, आयुष्यभर स्नोमोबिल आणि ट्रेल दाबायच्या मशीन दुरुस्त केलेल्या. त्यांचं काम बघणं हाच एक अनुभव होता आणि मी पूर्ण वेळ बाजूला उभा राहून बघितलं, म्हणून लिहितो, कारण हेच तुम्हाला तुमच्या इन्स्टॉलरकडून करून घ्यायचंय.

त्यांनी गाडी सपाट सिमेंटवर घेतली, स्टिअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधून टाकलं म्हणजे हलणार नाही. मग टेप घेऊन पुढच्या दोन ट्रॅकमधलं अंतर आधी पुढच्या टोकांना आणि मग मागच्या टोकांना मोजलं. किटच्या मॅन्युअलात ह्या दोन मापांत किती फरक चालतो ते दिलेलं असतं, आमचा त्याच्या बराच बाहेर होता, म्हणजे दोन्ही ट्रॅक सरळ न चालता तिरके घासत चालले होते. टायर असताना गाडीचं जे अलाइनमेंट असतं ते टायरला चालतं, टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढा असतो, थोडा तिरका असला तरी खपून जातो, मीटरभर लांब पट्ट्याला तोच तिरकेपणा चालत नाही. टाय रॉडचे, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे, लॉकनट सैल करून त्यांनी दोन्ही बाजू थोड्या थोड्या फिरवून माप आणलं. ही पायरी डीलरने केलीच नव्हती, टाय रॉडच्या नटांवरचा मूळचा गंज तसाच होता.

मग तो अँटी-रोटेशन आर्म. तो आटे असलेला दांडा असतो, लांबी कमी-जास्त करता येते, आणि त्यावर ट्रॅकचं नाक किती वर उचलायचं आणि किती खाली येऊ द्यायचं ते ठरतं. नाक फार खाली सोडलं की ट्रॅक बर्फात सूर मारतो आणि स्टिअरिंग जड होतं, आमचं तेच झालेलं. फार वर धरून ठेवलं की पट्टा मागच्या भागावरच चालतो, दाब पसरत नाही आणि चढावर गाडी धक्के देते. मधलं माप मॅन्युअलात असतं, ते आणलं. आणि पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून बघितलं की ट्रॅक कुठे फेंडरला म्हणजे मडगार्डला किंवा ए-आर्मला म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्याला लागतो का, तर एका बाजूला लागत होता, कुरकुर आवाज तिथला, स्टिअरिंग स्टॉप, म्हणजे स्टिअरिंग ठराविक मर्यादेपलीकडे वळू न देणारा अडसर, नीट बसवून तो बंद केला. मग पट्ट्याचा ताण, मधोमध ठराविक जोर देऊन रबर किती लवतं ते बघायचं. सैल असला की स्प्रॉकेटचा दात उंचवट्यावरून सटकतो, जोर लावल्यावर खटखट असा आवाज येतो, आणि फार घट्ट असला की बेअरिंग जातात आणि इंजिनाची ताकद पट्टा वाकवण्यातच खर्च होते.

सगळं झाल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे ठराविक जोर मोजून कसायच्या पान्याने, प्रत्येक नट कसला आणि पिवळ्या पेंट पेनने नटावर आणि ब्रॅकेटवर मिळून एक रेघ ओढली, प्रत्येक नटावर. मी विचारलं कशाला, तर म्हणाले नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, रोज निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा, रेघा बघा, अर्धा मिनिट लागतो. नंतर गाडी शेताच्या बर्फात फिरवून आणली आणि सगळी मापं पुन्हा घेतली, ताण थोडा सैल झाला होता तो परत घेतला. नवीन पट्टा सुरुवातीला ताणला जातोच, म्हणून पहिल्या काही तासांनंतर ताण आणि नट पुन्हा बघायचेच असतात. ह्या माणसाने जे पैसे सांगितले ते ऐकून मीच त्यांना जास्त दिले.

शेडमधून निघाल्यापासून गाडी वेगळीच झाली. नाक वर ठेवून बर्फावर चढते, स्टिअरिंग सरळ, भुकटी बंद. पॉवर स्टिअरिंग असेल तरच ट्रॅक लावा हे मात्र आवर्जून सांगेन, नसेल तर आधी ते बसवा, जागेवर वळताना चार पट्टे जमिनीला घासून फिरवायचे असतात, नुसत्या हाताने होत नाही.

चालवताना काय बदलतं. वेग निम्म्यावर येतो असं धरून चाला, स्प्रॉकेट टायरपेक्षा छोटं असल्याने एका फेरीत गाडी कमी अंतर कापते, आणि स्पीडोमीटर टायरच्याच हिशोबाने दाखवत राहतो त्यामुळे तिथल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्याच कारणाने ओढायची ताकद वाढते, मागे भरलेली स्लेज लावून आमचा चढ आरामात चढते. पेट्रोल आमच्याकडे दीडपटीच्या आसपास लागतं. खोल बर्फात लो गिअरमध्येच चालवायचं, हाय मध्ये चालवलं तर सीव्हीटीचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे नेणारा, बेल्ट तापतो आणि जळका वास यायला लागतो, अर्ध्या जंगलात बेल्ट गेला तर ट्रॅक असून उपयोग नाही, म्हणून एक जास्तीचा बेल्ट आणि तो बदलायचे पाने कायम सीटखाली. पेडल हळू दाबायचं, पट्टे जागेवर गरगरायला लागले की लगेच सोडायचं कारण मग तेही खणतात, आणि आपल्याच छापावरून रिव्हर्स घेऊन थोडा वेग घेऊन पुन्हा यायचं. आडव्या उतारावरून जाणं टाळा, ट्रॅक गाडीला उंच करतात आणि खालच्या बाजूचा बर्फ खचला की गाडी कलते. मार्चमधला दुपारचा सडलेला बर्फ सगळ्यात फसवा, वरून कडक आणि आतून साखरेसारखा मोकळा, तेव्हा सकाळी लवकर कामं उरकायची.

आणि गोठलेला तलाव. ह्यावर जरा जास्त लिहितो कारण ग्रुपवर ह्याबद्दल चुकीचं लिहिलेलं वाचलंय. ट्रॅक मऊ बर्फात वर ठेवतात म्हणून ते तलावावर सुरक्षित असं अजिबात नाही. तलावाच्या बर्फाच्या थराला गाडीचं एकूण वजन पेलायचं असतं, आणि ट्रॅकने ते वाढलेलंच असतं. मिनेसोटा डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याच्या, सूचना अशा आहेत की पायी चालायला ४ इंच, स्नोमोबिल किंवा छोट्या एटीव्हीला (हँडलची, मोटरसायकलसारखी बसायची चारचाकी) ५ ते ७ आणि साइड-बाय-साइडला म्हणजे आपल्या यूटीव्हीला ७ ते ८ इंच जाड स्वच्छ पारदर्शक बर्फ लागतो. पांढरा, बर्फ पडून तयार झालेला थर असेल तर त्याची ताकद खूप कमी, दुप्पट जाडी धरा. ट्रॅकवाल्या गाडीने मी किट धरून त्यातला मोठाच आकडा घेतो आणि स्वतः भोक पाडून मोजल्याशिवाय जात नाही, शेजाऱ्याने काल मोजलं हे चालत नाही, झऱ्याच्या तोंडाशी तर कधीच नाही.

दुसरी एक गोष्ट, आमच्या भागात स्नोमोबिलसाठी दाबून ठेवलेल्या ट्रेल असतात, तिथे ट्रॅक लावले म्हणून एटीव्ही-यूटीव्ही नेता येत नाही, पाटी लावून परवानगी दिली असेल तरच. क्लबची माणसं रात्री मशीन फिरवून ती ट्रेल तयार करतात, आपल्या गाडीने ती उखडते. नियम बघून जा.

रोजची निगा. संध्याकाळी थांबवताना ट्रॅकच्या चाकांमधला ओला बर्फ लाकडी दांड्याने पाडायचा, लोखंडी पहारीने नाही, रबराला चीर गेली की ती वाढत जाते. रात्री तो बर्फ गोठून दगड झाला आणि सकाळी तशीच गाडी ओढली की चाकं फिरत नाहीत, पट्टा त्यांच्यावरून घासत जातो. गाडी नेहमी लाकडी फळ्यांवर उभी करायची, नाहीतर ट्रॅक जमिनीला चिकटून गोठतात, आणि निघताना आधी हळूच पुढे-मागे करून सुटलेत का बघायचं. आतल्या चाकांची आणि रबराची घासाघीस बर्फाच्या ओलाव्याने थंड राहते, म्हणून कोरड्या डांबरावर फार लांब पळवू नका, तिथे ओलावा नसतो आणि रबर तापतं. आम्हाला मोठा रस्ता ओलांडण्यापुरतंच डांबर लागतं त्यामुळे प्रश्न आला नाही. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट, एक्सल ह्यांच्यावर भार वाढतो हे गृहीत धरून दर मोसमात एकदा तपासून घ्या. आणि घेण्याआधी गाडीच्या वॉरंटीत ट्रॅकबद्दल काय लिहिलंय ते डीलरकडून लेखी घ्या, तोंडी नको.

किट आम्हाला पाच हजार डॉलरच्या घरात पडला, गाडीच्या मॉडेलप्रमाणे लागणारा माउंटिंग किट वेगळा. बसवण्याचे वर. जुने किट बाजारात बरेच येतात आणि चांगले मिळूही शकतात, बघताना पट्ट्याच्या आतल्या उंचवट्यांच्या कडा बघा, एकाच बाजूने झिजलेल्या असतील तर आधीच्या मालकाने अलाइनमेंट न करता चालवलंय. छोटी चाकं हाताने फिरवून बघा, खरखर आली तर बेअरिंग गेलंय. रबराला आडव्या चिरा आणि आतले दोरे दिसत असतील तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

भारतातून काही जणांनी विचारलं की मनाली-गुलमर्गला गाडीने जाताना असं काही लावता येईल का. तिथे मोठे रस्ते बीआरओ, म्हणजे सरकारची सीमा रस्ते संघटना, साफ करतं, आणि साफ केलेल्या घसरड्या रस्त्याला टायरच्या चेनच बरोबर, टंगमर्गहून गुलमर्गला चढताना बर्फ असला की त्याच लावतात. ट्रॅकचं काम जिथे रस्ताच नाही तिथलं. आपल्याकडचं त्याचं खरं उदाहरण बघायचं तर अंटार्क्टिका, गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडावरच्या एनसीपीओआर ह्या ध्रुवीय संशोधन संस्थेकडून आपल्या मोहिमा जातात आणि तिथल्या आपल्या मैत्री स्टेशनच्या भागात बर्फावरून सामान आणि इंधन ओढायला पिस्टनबुली ही पट्ट्यांची मोठी मशीन वापरतात. तिथे तर ही परंपरा जुनीच, एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो फर्ग्युसनच्या साध्या शेतीच्या ट्रॅक्टरांवर, मागच्या-पुढच्या चाकांवरून पट्टे चढवलेल्या, म्हणजे चाकाच्या गाडीला ट्रॅक बसवण्याचाच प्रकार. ज्या ट्रॅक्टरने शेत नांगरतात त्याने माणूस ध्रुवावर जातो हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

उन्हाळ्यात आम्ही ट्रॅक उतरवून परत टायर लावतो. चारही ऋतूंचा किट आहे, चिखलात वर्षभर ठेवणारे लोक आहेत, पण आमच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर उगाच झिजवायचं नाही. उतरवल्यावर धुवून, ताण सैल करून, शेडमध्ये उन्हापासून लांब आडवे ठेवायचे आणि उंदरांपासून सांभाळायचे. आणि टाय रॉड ट्रॅकच्या मापावर आणलेले असतात ते टायर लावल्यावर पुन्हा टायरच्या मापावर आणायचे, नाहीतर उन्हाळाभर टायर खातील. दोन्ही मापं मी शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलीयेत.

कोणाकडे रेंजर सोडून दुसरी गाडी असेल तर खाली मॉडेल आणि साल लिहा, पॉवर स्टिअरिंग आहे का तेही लिहा, माउंटिंग किट कुठला बसेल ते त्यावरच ठरतं. आणि डुलुथपासून वरच्या भागात राहणाऱ्या कोणाला तो शेडवाला मेकॅनिक हवा असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून नंबर देतो, सप्टेंबरातच गाठा, पहिला बर्फ पडला की त्यांच्या शेडबाहेर रांग लागते.